कंसातली एक ओळ

सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पाच पानी पत्र आलं आहे. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

“मी ३१ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं केली. नारळातून करणी, लिंबातून रक्त, जिभेतून तार, तळहातावर जळता कापूर. मी ९ वर्षांचा असताना माझ्या धाकट्या भावाला साप चावला. दवाखान्यात न नेता त्याला देवळात नेऊन ठेवलं. तो गेला. माझी थोरली बहीण, अक्का, आता ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी दाजी वारले. तेव्हापासून ती दर शुक्रवारी एका बाईंकडे प्लँचेटला बसते, अक्षरांच्या कागदावर ठेवलेल्या वाटीवर सगळ्यांनी बोट टेकवून दाजींचे निरोप घ्यायला. बैठकीचे ५०१ रुपये. चैत्रात मी तिथे गेलो. ‘सगळ्यांनी डोळ्यांना पट्टी बांधा, दाजींना तर दिसतंच आहे,’ असं म्हणालो. पट्ट्या बांधल्यावर अक्षरांचा कागद हळूच उलटा फिरवला. वाटी अक्षरं पूर्वी जिथे होती तिथेच जात राहिली. जे आलं ते मी मोठ्याने वाचलं, ‘ठ, झ, ग, ब’. दोघं-तिघं हसले. अक्काने पट्टी सोडली, माझ्याकडे पाहिलं आणि चपला न घालताच निघून गेली. (दाजींनी म्हणे तिला रक्तदाबाच्या गोळ्या कमी करायला सांगितलंय.) राखीला बोलावणं आलं नाही. आता भाऊबीज तोंडावर आली आहे. माझी बायको म्हणते, ‘तुम्हाला अक्कांना सोडवायचं नव्हतं, तुम्हाला जिंकायचं होतं.’ हे खरं आहे का? आमच्यासारख्यांच्या डोक्यात नेमकं असतं तरी काय? इतकी वर्षं मी जे केलं ते चुकलं का?”

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. कागद कसा फिरवला, वाटी कुठे अडखळली, त्या बाईंचा चेहरा कसा पडला, यावर दीड पान आहे. गोळ्यांवर एक ओळ आहे, चौथ्या पानाच्या तळाशी, कंसात. ७१ वर्षांची, एकटी पडलेली बाई रक्तदाबाची गोळी कमी करायला निघाली आहे आणि तिचा विज्ञान शिकवणारा भाऊ ते कंसात लिहितो. तुमच्या पत्नीच्या म्हणण्यावर मला काय वाटतं, ते त्या कंसापाशीच ठरलं. हो, त्या शुक्रवारी तुम्ही जिंकायला गेला होतात.

पण लगेच दुसरीही गोष्ट लिहिते, कारण पहिलीचा गैरफायदा घेणारे पुष्कळ आहेत. भांडाफोड करणाऱ्याच्या मनात राग आहे, जखम आहे, मोठेपणाची हौस आहे, असं म्हणून त्याचं तोंड बंद करता येतं. तुमच्या मनात काय होतं यावरून वाटी कुणी ढकलली हे ठरत नाही. वाटी बसलेल्यांच्याच बोटांनी फिरत होती. कागद फिरवल्यावर ती जुन्या जागा शोधत गेली, हा तुमचा प्रयोग चोख होता. त्यातलं एक अक्षरही मागे घेऊ नका.

डोक्यात काय असतं, असं विचारलंत. हॅरी हुडिनीची गोष्ट तुम्ही मुलांना सांगितली असेल, पण बहुधा निम्मीच.

बेड्या आणि कुलपं सोडवणारा हा जादूगार १८७४ साली बुडापेस्टला जन्मला आणि अमेरिकेत वाढला. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांचा पिच्छा पुरवला. १९२४ साली बॉस्टनच्या ‘मार्जरी’ या गाजलेल्या बाईंच्या बैठकीत बसून त्याने त्यांच्या युक्त्या उघड्या केल्या. १९२६ साली पैसे घेऊन भविष्य सांगण्याच्या धंद्याविरुद्ध वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली. आपण सहसा एवढंच सांगतो.

दुसरी निम्मी अशी. १९१३ साली त्याची आई सेसिलिया वारली तेव्हा तो युरोपात दौऱ्यावर होता. आईवर त्याचा विलक्षण जीव. तिच्याशी एकदा बोलता यावं म्हणून तो खरोखर मृतांशी बोलून देतो म्हणणाऱ्या ‘माध्यमां’कडे जात होता. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल त्याचे मित्र, आणि त्यांचा या विद्येवर पूर्ण विश्वास. डॉयल यांचा मुलगा किंग्जली १९१८ साली गेला होता, म्हणजे त्यांचीही जखम ताजीच. १७ जून १९२२ रोजी अटलांटिक सिटीच्या हॉटेलात डॉयल यांची पत्नी पेन्सिल घेऊन बसली आणि हुडिनीच्या आईचा म्हणून निरोप पानामागून पान लिहीत गेली. वर क्रूस काढलेला, मजकूर सफाईदार इंग्रजीत. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी जेमतेमच येत होतं. शिवाय तो दिवस तिच्या वाढदिवसाचा होता, त्याचा त्या निरोपात साधा उल्लेख नव्हता. हुडिनीने त्या खोलीत आपली शंका बोलून दाखवली नाही. कागद घेऊन गेला. काही महिन्यांनी त्याने जाहीरपणे सांगितलं की आपल्याला पटलेलं नाही, आणि पुढे ती मैत्री तुटली.

आणखी एक गोष्ट आहे, ती तो स्वतःच कबूल करत असे. उमेदवारीच्या गरिबीच्या दिवसांत, १८९० च्या दशकात, कॅन्सस भागात त्याने बायकोबरोबर मृतांचे निरोप सांगण्याचे खोटे खेळ पोटासाठी केले होते. लोक रडत होते ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे एका बाजूला अपुरी राहिलेली ओढ, दुसऱ्या बाजूला हातून झालेल्या फसवणुकीची टोचणी, आणि वर युक्ती दिसणारे डोळे. ज्याला हातचलाखी दिसते त्याला ती न दिसल्यासारखं करता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९२६ ला तो गेला. जाण्याआधी बायकोशी त्याने सांकेतिक शब्द ठरवले होते, मेल्यावर बोलता आलंच तर ओळख पटावी म्हणून. त्याची बायको बेस त्याच्या पुण्यतिथीला १० वर्षं वाट पाहत होती. १९३६ साली तिने ते थांबवलं. इतका पक्का भांडाफोड करणारा माणूस, पण आईच्या बाजूचं दार त्याने शेवटपर्यंत किलकिलं ठेवलं होतं.

सर, तुमच्या पत्रातला तो ९ वर्षांचा मुलगा मला दिसतो. देवळाच्या पायरीवर बसलेला. तुमच्या चिकाटीचं मूळ तिथे आहे, आणि ते मूळ लाजिरवाणं नाही. ज्याच्या घरातलं माणूस अशा समजुतीने गेलं, त्याने ती समजूत उपटायला आयुष्य दिलं, यात विकृत काय आहे? आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं आज गुन्हा आहे. या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. तुमच्यासारख्या शेकडो शिक्षकांनी शनिवार-रविवारी पदरमोड करून, एसटीने फिरून केलेली प्रात्यक्षिकं त्याच्या मागे आहेत. ‘चुकलं का’ हा प्रश्न तुम्ही त्या कामाबद्दल विचारू नका.

मात्र त्या पायरीवर तेव्हा आणखी एक जण होती ना? अक्का तेव्हा १७ वर्षांच्या असतील. भाऊ त्यांचाही होता. तुम्ही त्या दिवसातून विज्ञानाकडे गेलात. त्या कुठे गेल्या, हे तुम्ही पाच पानांत कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्ही त्यांना कधी विचारलंच नसेल.

आता त्या वाटीकडे येते. १८५३ साली लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं खूळ आलं होतं. लोक गोलात बसून टेबलावर हात ठेवत आणि टेबल सरकायचं. मायकेल फॅरडे, विजेचा तोच फॅरडे, हे तपासायला बसला. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकट लेपाने जोडून ठेवले. टेबल आधी सरकलं तर तळचा थर पुढे जायला हवा, हात आधी सरकले तर वरचा. वरचाच गेला. मग त्याने एक काटा बसवला, हात जरा ढकलू लागले की तो हलायचा. बसलेल्यांना काटा दिसत होता तोवर टेबल हललंच नाही. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की फॅरडेने ती माणसं प्रामाणिक म्हणूनच निवडली होती आणि शेवटपर्यंत त्यांना प्रामाणिकच मानलं. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

म्हणजे दर शुक्रवारी वाटी ढकलण्यात अक्कांचंही बोट होतं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. ‘जेवलीस का’, ‘गुडघ्याला तेल लाव’ असं दाजी बोलायचे, ते अक्कांच्याच आठवणीतून कागदावर उतरत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार त्या बोटाच्या टोकाशी येत होता. तुम्ही कागद फिरवलात तेव्हा तिथे ‘ठ, झ, ग, ब’ आलं, आणि लोक हसले ते दाजींना हसले असं अक्कांना वाटलं. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला भोवतीचं हसू कसं ऐकू येतं, ते एकदा स्वतः पट्टी बांधून पाहा.

पत्रात तुम्ही त्या बाईंना ‘अट्टल भोंदू’ म्हटलं आहे. असतीलही. ५०१ रुपये घेतात, गोळ्यांबद्दल बोलतात, मला त्यांच्याबद्दल मुळीच ममता नाही. पण तुमच्या प्रयोगाने तेवढं सिद्ध झालेलं नाही. बोटं नकळत ढकलतात एवढंच झालं, आणि त्यात त्या बाईही नकळत फसलेल्या असू शकतात. मार्सेलो ट्रुझी नावाचे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ होते. असल्या दाव्यांची चिकित्सा करण्यासाठी १९७६ साली तिथे जी समिती झाली तिच्या संस्थापकांपैकी एक. वर्षभरातच ते बाहेर पडले, कारण तपासण्यापेक्षा खोडून काढण्याची घाई त्यांना दिसली. त्यांचं म्हणणं मला पटतं. ‘हे सिद्ध झालेलं नाही’ एवढं म्हणणाऱ्यावर पुराव्याचा बोजा नाही. ‘हे खोटं आहे, आणि असं असं खोटं आहे’ म्हणालात की तो बोजा तुमच्याही डोक्यावर येतो. तीस वर्षं टाळ्या मिळाल्या की हा फरक पुसट होत जातो. समोर बसलेला प्रत्येक जण एकतर भोंदू नाहीतर भोळा दिसू लागतो, तिसरं कुणी दिसतच नाही. अक्का तुम्हाला त्या दिवशी भोळ्यांच्या रांगेत दिसल्या. त्या तुमच्या बहीण होत्या.

डॉ. जयंत नारळीकरांचं उदाहरण तुमच्यापुढे ठेवते. त्यांनी पुण्यात डॉ. दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या. कोणती कुंडली कुठल्या गटातली, एवढंच ज्योतिषांनी सांगायचं. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतातच. यात कुणाच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती आणि मागून कुणी कागद फिरवला नव्हता. काय तपासणार हे ज्योतिषांना आधीच सांगितलं होतं, आणि भाग घ्यायचा की नाही हे त्यांच्यावर सोडलं होतं.

त्याच नारळीकरांची दुसरी बाजू बघा. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोट मानतात. नारळीकर शेवटपर्यंत मानत नव्हते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर ते स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताच्या, बाजूने उभे होते, आणि १९९३ साली हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या सिद्धान्ताचं सुधारलेलं रूप मांडलं. पुरावे विरुद्ध बाजूला साठत गेले, तरी ते गणित मांडत राहिले, आक्षेपांना उत्तरं देत राहिले. म्हणजे एका विषयात रूढ समजुतीची तपासणी करणारा हाच माणूस दुसऱ्या विषयात स्वतः वळचणीला उभा होता. अल्पमतात राहून लोकांचे आक्षेप ऐकत बसणं काय असतं, हे ज्याने भोगलंय त्याच्या आवाजाची धार वेगळी होते. सर, तुम्ही शेवटचे कधी चुकला होतात आणि ते कुणापाशी कबूल केलं होतं? हे डिवचायला विचारत नाही. तुमच्या प्रात्यक्षिकांत ही एक जागा रिकामी आहे असं मला वाटतं. रे हायमन हे मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात बघून पैसे कमवायचे आणि त्यांचा त्यावर पक्का विश्वास होता, कारण गिऱ्हाइकं ‘अगदी बरोबर’ म्हणायची. एका जाणकाराने सुचवलं, रेषा सांगतात त्याच्या उलटं सांगून बघ. सांगितलं. गिऱ्हाइकं तरीही ‘अगदी बरोबर’ म्हणाली. हायमन पुढे आयुष्यभर या दाव्यांची चिकित्सा करत राहिले, पण सुरुवात स्वतःला पकडण्यापासून झाली.

तुम्हाला माझ्या मावशीबद्दल सांगते. तिच्या डोक्यात जट होती, मानेवर विटेसारखं ओझं. देवीची म्हणून कंगवा लावायचा नाही, कात्री तर लांबच. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या दोन बायका तिच्याकडे यायला लागल्या. पहिल्या दोन खेपांना नुसता चहा झाला. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातल्या थोरलीने विचारलं, “रात्री कोणत्या कुशीवर झोपता?” मावशी गप्प बसली आणि मग रडायला लागली, कारण कितीतरी वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. ती कुठल्याच कुशीवर नीट झोपत नव्हती. सातव्या खेपेला तिने स्वतः पाट मांडला. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. त्या बायकांनी नको म्हटलं नाही. जट कापायला दीड तास लागला, इतकी ती घट्ट झाली होती. कापून झाल्यावर मावशी कितीतरी वेळ मानेमागे हात फिरवत होती. देवीचा कोप वगैरे होत नाही, हे त्या दोघींनी तिला एकदाही ऐकवलं नाही. महिना उलटला तशी तीच शेजारणींना सांगायला लागली.

तुम्ही म्हणाल, सात खेपा घालायला वेळ कुणाला आहे, आणि सौम्य बोलून लोक सुधारतात याला पुरावा काय. खरं आहे, सौम्यपणा म्हणजे सत्य गिळणं असं मी म्हणतच नाही. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास गाजला, चूक दाखवून दिली की माणूस उलट आणखी घट्ट होतो असा. पुढे वुड आणि पोर्टर या संशोधकांनी दहा हजारांवर माणसांवर ५२ विषय तपासले, ते २०१९ साली छापून आलं. तो उलटा परिणाम त्यांना जवळपास दिसलाच नाही. खरी माहिती दिली की बरीच माणसं ती घेतात. म्हणून माहिती द्याच. पण चारचौघांत, हशा पिकवून दिलेली माहिती घ्यायची म्हणजे आधी आपण मूर्ख ठरलो हे मान्य करावं लागतं, आणि ती किंमत ७१ व्या वर्षी कुणी सहज मोजत नाही. अक्का कदाचित त्याच क्षणी सगळं समजल्या असतील. समजलं म्हणूनच अनवाणी निघून गेल्या असतील, हाही विचार करा.

बोलावण्याची वाट पाहू नका. भाऊबीजेच्या आधीच जा, एकटे जा. प्रात्यक्षिकांची पेटी आणि ‘समजावून सांगायला’ कुणी जाणता बरोबर नको. माफी कशाची मागायची ते नीट ठरवून जा. प्रयोगाची नाही, हशाची. “मी ते सगळ्यांसमोर करायला नको होतं, तुला आधी विचारायला हवं होतं,” एवढंच म्हणा आणि थांबा. ‘पण’ लावून पुढचं वाक्य जोडू नका, शिक्षकांना ते फार अवघड जातं. मग दाजींबद्दल विचारा. ते शुक्रवारी काय बोलायचे, ते सांगू दे. मध्ये दुरुस्ती करू नका. दाजींच्या आठवणी तुमच्याकडेही असतील, त्या सांगा. कुणीतरी त्यांचं नाव काढावं म्हणून जर त्या ५०१ रुपये मोजत असतील, तर ते घरात फुकट मिळायला हवं होतं. आपल्याकडे तेराव्यानंतर गेलेल्या माणसाबद्दल बोलणंच बंद होतं. ती जागा मग शुक्रवारची बैठक घेते.

त्या प्लँचेटला जात राहिल्या तर जाऊ द्या. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण आठवड्याला एक वाटी फिरली तर त्याने अक्का दगावणार नाहीत. गोळ्यांचं मात्र आजच. तिथे मुळीच मऊ होऊ नका. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून आधी कल्पना द्या, अक्कांना तपासायला घेऊन जा, रक्तदाब किती भरतो तो आकडा त्यांच्यासमोर डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. दाजी स्वतः शेवटच्या दिवसांत औषधं वेळेवर घेत होते का, तेही विचारा. घेत असतील तर अक्कांना तेवढी आठवण पुरे होईल. आणि त्या बाई पुन्हा औषधाबद्दल बोलल्या तर पोलीस ठाण्यात जा. लोकांना फसवून चमत्काराच्या नावाने पैसे घेणं त्या कायद्यात बसतं, आणि तक्रार घेण्यासाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो. तिथे तुमची तीस वर्षांची चिकाटी आणि प्रत्येक युक्तीची माहिती लागेल. तो लढा लढा, मी तुमच्या बाजूने आहे.

अक्कांच्या घरी पोहोचलात की चहा होईपर्यंत गोळ्यांची पट्टी बघा. शेवटची कधी आणली आणि त्यातल्या किती उरल्या आहेत, ते मोजा. मला दोन ओळींत तेवढंच कळवा, यावेळी कंसात नको.